गेट, टेक, रन आणि मंडळी: छोटे इंग्रजी शब्द वापरायचे कसे

'बस लागली' याचा अर्थ काय? स्टँडवर पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या माणसाने म्हटलं तर गाडी फलाटावर आली. खिडकीशी तोंडावर रुमाल धरून बसलेल्याने म्हटलं तर त्याला मळमळतंय. भूक लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, ठेच लागते, डोळा लागतो, फोन लागत नाही. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला 'लागणे म्हणजे स्पर्श होणे' एवढंच सांगितलं तर तो पहिल्याच दिवशी अडकेल. इंग्रजी शिकताना आपण मात्र नेमकं हेच करतो. गेट म्हणजे मिळवणे, टेक म्हणजे घेणे, रन म्हणजे पळणे, असं पाठ करतो आणि पुढे ऐकलेलं प्रत्येक तिसरं वाक्य अडतं.

लांबलचक शब्द त्या मानाने गरीब. 'फोटोसिंथेसिस'ला एकच अर्थ, तो एकदा कळला की संपलं. घोळ घालतात ते तीन-चार अक्षरांचे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढे 'रन'ची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. इतके कुणीच पाठ करत नाही, इंग्रज माणूसही नाही. तो शब्दाचा शेजार ओळखतो: पुढे नाम आहे का विशेषण, माणूस आहे का ठिकाण. शिकायचा आहे तो हा शेजार.

वहीचं पान कसं आखायचं

एका शब्दाला एक पान द्या. त्यावर तीन उभे रकाने काढा. पहिल्यात चौकट, म्हणजे शब्दाच्या पुढे-मागे काय येतं ते. दुसऱ्यात त्या चौकटीचं मराठी क्रियापद. तिसऱ्यात तुमच्या स्वतःच्या दिवसातलं एक वाक्य, आज खरोखर म्हणता येईल असं. कोशातलं उदाहरण उतरवू नका, ते आठवड्यात विसरतं.

एका बैठकीत पाच-सहा चौकटींच्या वर जाऊ नका, आणि एका शब्दाला निदान तीन दिवस द्या. दुसऱ्या दिवशी तिसरा रकाना झाकून वाक्य पुन्हा तोंडी बनवा. तिसऱ्या दिवशी फक्त मराठी रकाना उघडा ठेवा आणि चौकट आठवते का बघा. उलट दिशेने येत नसेल तर तो शब्द अजून ओळखीचा आहे, वापरातला नाही.

कोश निवडताना एक गोष्ट पाहा. ऑक्सफर्डच्या त्या मोठ्या कोशात अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावलेले असतात, सर्वांत जुना आधी. तिथला पहिला अर्थ आज कुणी वापरत नसेल, असंही होतं. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात जास्त चालणारे अर्थ सहसा वर असतात, म्हणून हाताशी तो ठेवा. शंका आली की खऱ्या वापराचे मोठे संग्रह पाहा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत आणि कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिशमध्ये १०० कोटींहून जास्त. शब्द टाकला की तो ज्या वाक्यांत आला ती एकाखाली एक दिसतात. वीस ओळी वाचल्या की शेजार आपोआप कळतो.

'थोडेच शब्द शिकतो, त्यात भागवतो' हा विचार जुना आहे. चार्ल्स ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली, त्यात क्रियापदं अवघी १८. पण 'एंटर' काढून 'गो इन' आणि 'कंटिन्यू' काढून 'गो ऑन' घेतलं की यादी आखूड दिसते, डोक्यावरचं ओझं तेवढंच राहतं. छोट्या क्रियापदांच्या जोड्या शिकाव्या लागतातच.

गेट: या एका शब्दावर आठवडा घालवा

इथे घाई करू नका. बोलण्यातल्या इंग्रजीत हा शब्द सगळीकडे आहे आणि चौकटी अगदी स्वच्छ वेगळ्या करता येतात.

पुढे नाम आलं तर मिळणे किंवा आणणे. 'आय गॉट युवर मेसेज' म्हणजे निरोप मिळाला. 'गेट मी अ चेअर' म्हणजे मला खुर्ची आणून दे.

पुढे विशेषण आलं तर होणे. 'इट्स गेटिंग लेट' म्हणजे उशीर होतोय, 'ही गॉट अँग्री' म्हणजे तो चिडला. इथे एक खड्डा आहे. मराठीत 'डॉक्टर झाला' आणि 'ओला झाला' दोन्हीकडे 'झाला'च, म्हणून हात 'गेट'कडे जातो. पण 'शी गॉट अ डॉक्टर' म्हणजे तिने डॉक्टर बोलावून आणला. पेशासाठी 'बिकेम' हवं. आणखी एक बारकावा: बिघाडाकडे जाणाऱ्या बऱ्याच बदलांना इंग्रजी 'गो' लावतं. दूध 'गोज बॅड', बेत 'गोज राँग', माणूस 'गोज डेफ' किंवा 'गोज बाल्ड'. रंग बदलला तर 'टर्न' चालतं: पानं 'टर्न यलो'.

पुढे 'टू' आणि ठिकाण आलं तर पोहोचणे: 'व्हेन डिड यू गेट टू द ऑफिस?' मात्र होम, हिअर आणि देअर यांच्याआधी 'टू' येत नाही. 'गेट टू होम' चूक, 'गेट होम' बरोबर.

पुढे मॅरीड, हर्ट, पेड, कॉट अशी रूपं आली तर आपल्या बाबतीत काहीतरी घडलं. 'दे गॉट मॅरीड इन मे' ही घटना, 'दे आर मॅरीड' ही स्थिती. 'लग्न कुणाशी झालं' सांगताना 'विथ' येतं तोंडात, कारण आपल्याकडे 'शी' आहे. इंग्रजीत तिथे 'टू': 'शी गॉट मॅरीड टू अ पायलट'.

पुढची चौकट सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत दुर्लक्षित: गेट, मग वस्तू, मग तेच भूतकाळी रूप. अर्थ, दुसऱ्याकडून करून घेणे. मराठीत आपण सरळ म्हणतो, 'मी काल केस कापले'. कात्री कुणाच्या हातात होती हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. तेच इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं तर समोरचा तुमच्या डोक्याकडे जरा काळजीने बघेल, कारण त्याने ऐकलं की तुम्ही स्वतः आरशासमोर कात्री चालवली. हवं ते वाक्य 'आय गॉट माय हेअर कट' किंवा 'आय हॅड माय हेअर कट'. गाडी धुतली, कपडे शिवले, दात काढला, घर रंगवलं, सगळीकडे हाच प्रश्न स्वतःला विचारा: काम कुणी केलं?

माणूस मध्ये आला तर करायला लावणे: 'आय गॉट हिम टू साइन'. इथे समजावून, पटवून सही घेतली असा सूर आहे. जबरदस्ती असेल तर 'मेक', आणि त्यानंतर 'टू' गळतं: 'आय मेड हिम साइन'. दोघांची सरमिसळ होऊन 'मेड हिम टू साइन' हे वाक्य फार ऐकू येतं. ते टाळा.

शेवटचा धोका कानाचा. 'आय गॉट टू मीट हर' म्हणजे तिला भेटायला मिळालं, संधी लाभली. 'आय हॅव गॉट टू मीट हर' म्हणजे तिला भेटावंच लागणार. लिहिताना फरक एका 'हॅव'चा, आणि भराभर बोलताना तोही गिळला जातो. मागचा-पुढचा संदर्भ नसेल तर सरळ विचारून घ्यावं.

आता हे एक वाक्य घ्या: 'आय हॅव गॉट टू गेट माय फोन फिक्स्ड बिफोर इट गेट्स डार्क.' मराठीत, 'अंधार पडायच्या आत मला फोन दुरुस्त करून घ्यायलाच हवा'. तीन वेळा 'गेट' आलं आणि 'मिळणे' एकदाही नाही. पहिला लागण्याचा, दुसरा करून घेण्याचा, तिसरा होण्याचा. असं सोडवता आलं की या शब्दाचं पान पूर्ण झालं.

अमेरिकेत 'गॉटन' असंही रूप आहे. तिथे 'हॅव गॉटन' म्हणजे मिळालेलं किंवा झालेलं, 'हॅव गॉट' म्हणजे जवळ असलेलं. ब्रिटनमध्ये सहसा दोन्हीकडे 'गॉट'.

टेक, मेक, डू: जिथे मराठी उलटी फिरते

मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतो. इंग्रजीत विद्यार्थी 'टेक्स ॲन एक्झाम' आणि शिक्षक 'गिव्ह्ज ॲन एक्झाम'. तंतोतंत उलट. 'आय गेव्ह माय एक्झाम' हे आपल्या देशात सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या माणसाला वाटतं की तुम्ही शिक्षक आहात. नोकरीच्या अर्जात हे वाक्य टाकण्याआधी दोनदा वाचा.

वेळेचं वाक्यही घडी उलगडून शिका. 'मला दोन तास लागले' म्हणजे 'इट टुक मी टू अवर्स'. सुरुवातीचं 'इट' सोडू नका. मराठीत अशा वाक्यात त्याच्या जागी काहीच नसतं, म्हणून ते हमखास गळतं.

मेक आणि डू यांच्याबद्दल एक नियम सांगितला जातो: नवीन काही तयार झालं तर मेक, नुसतं काम केलं तर डू. अर्ध्या वेळा चालतो. पण 'मेक द बेड' म्हणजे पलंग बनवणे नाही, सकाळी उठून अंथरूण-चादर नीट करणे. इथे नियम थकतो. त्यापेक्षा जोड्याच पाठ करा: मिस्टेक, डिसिजन, नॉइज, फोन कॉल, प्रॉमिस आणि एफर्ट यांना मेक, होमवर्क, डिशेस, लाँड्री, फेव्हर आणि एक्सरसाइज यांना डू. 'डू अ मिस्टेक' ही सर्वांत जास्त होणारी चूक, कारण आपण चूक 'करतो'. 'टेक अ डिसिजन' ब्रिटनमध्ये चालतं, अमेरिकेत 'मेक'च जास्त.

रन थोडक्यात. पळण्याचा अर्थ बाजूला ठेवा आणि 'वाहतं आहे, चालू आहे' असं धरा. नळ चालू आहे, नाक वाहतंय, मशीन चालतंय, बस दर दहा मिनिटांनी सुटते, नाटक दोन तास चालतं, धुताना कपड्याचा रंग उतरतो, कुणी कंपनी चालवतो, एखादा आजार घराण्यात चालत येतो. सगळीकडे रन. 'रन आउट ऑफ' म्हणजे वाहून संपलं, शिल्लक नाही. 'रन इंटू समवन' म्हणजे कुणीतरी अचानक भेटलं. निवडणुकीला उभं राहणं अमेरिकेत 'रन फॉर ऑफिस', ब्रिटनमध्ये 'स्टँड'. आपल्याकडे माणूस निवडणुकीला उभाच राहतो, ब्रिटिशांसारखा.

मागे लागणारी शेपटं

अप, ऑफ, आउट, ऑन हे शब्द क्रियापदाला चिकटले की विद्यार्थी घाबरतात. खरं तर हा प्रकार मराठीत रोजचा आहे. आपण 'खा' म्हणतो आणि 'खाऊन टाक'ही म्हणतो. त्या 'टाक'मध्ये फेकण्याचं काही नाही, काम पुरतं संपवण्याचा भाव आहे. इंग्रजीत तेच काम बऱ्याचदा 'अप' करतं: 'ईट अप', 'यूज अप', 'ड्रिंक अप'. 'वाचत राहा' यातलं 'राहा' म्हणजे 'ऑन': 'रीड ऑन', 'कॅरी ऑन'. प्रत्येक जोडी अशी उलगडत नाही. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे आणि 'टर्न अप' म्हणजे येऊन हजर होणे, ते तसेच लक्षात ठेवावे लागतात. पण निम्मं भय इथेच जातं.

चूक होते ती जागेची. 'काढ' म्हणताना 'टेक ऑफ युवर शूज' आणि 'टेक युवर शूज ऑफ' दोन्ही बरोबर. पण शूजच्या जागी 'देम' आलं की ते मध्येच बसतं: 'टेक देम ऑफ'. 'टेक ऑफ देम' चालत नाही. उलट 'लुक आफ्टर', 'लुक फॉर', 'रन इंटू' या जोड्या फुटतच नाहीत: 'लुक आफ्टर हिम' असंच. कुठली जोडी फुटते हे कोशात दिसतं. 'समबडी' किंवा 'समथिंग' दोन शब्दांच्या मध्ये छापलं असेल तर फुटते, शेवटी छापलं असेल तर नाही. कानाचीही एक खूण आहे. फुटणाऱ्या जोडीत जोर शेपटावर येतो, 'टेक देम ऑफ' म्हणताना 'ऑफ' ठळक. 'लुक ॲट देम'मध्ये जोर 'लुक'वर.

एक मराठी शब्द, चार इंग्रजी

आतापर्यंत एका इंग्रजी शब्दाचे अनेक मराठी होत होते. चुका जास्त होतात त्या उलट दिशेला, कारण मराठीत आपल्याला फरक जाणवतच नाही.

'अजून' बघा. पाऊस अजून पडतोय: 'इट्स स्टिल रेनिंग'. पाऊस अजून थांबला नाही: 'इट हॅजन्ट स्टॉप्ड येट'. अजून पाऊस हवा: 'वुई नीड मोर रेन'. अजून एक पान दे: 'गिव्ह मी अनदर पेज'. चाचणी अशी: चालूच आहे तर स्टिल, व्हायचं होतं पण झालं नाही तर येट, आणि ते वाक्याच्या शेवटी, 'अजून'च्या जागी 'आणखी' बसत असेल तर मोर किंवा अनदर. नकारातही 'स्टिल' येतं, 'इट स्टिल हॅजन्ट स्टॉप्ड', पण तेव्हा बोलणारा वैतागलेला असतो. साहेबांना पत्र लिहिताना 'यू स्टिल हॅवन्ट रिप्लाइड' लिहाल तर तो वैताग पोहोचतो.

'पर्यंत'चे दोन तुकडे होतात. सोमवारपर्यंत काम दे: 'बाय मंडे'. सोमवारपर्यंत थांब: 'अन्टिल मंडे'. काम त्या वेळेआधी कधीतरी एकदा व्हायचं असेल तर बाय, त्या वेळेपर्यंत सतत चालायचं असेल तर अन्टिल. 'सेंड इट अन्टिल मंडे' वाचणाऱ्याला वाटेल की सोमवार उजाडेपर्यंत तेच पुन्हापुन्हा पाठवत राहायचं आहे.

'पासून'मध्ये बिंदू आणि लांबी वेगळी करा. २०२० पासून, सकाळपासून, लहानपणापासून हे सुरुवातीचे बिंदू, त्यांना 'सिन्स'. दोन वर्षांपासून, बऱ्याच दिवसांपासून ही लांबी, तिला 'फॉर'. 'सिन्स टू इयर्स' ही आपली खास चूक. आणि दोन्हीकडे क्रियापद 'हॅव'वालं लागतं: 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स'. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' यात एकाच वाक्यात दोन चुका बसतात.

'दहा मिनिटांनी फोन करतो' म्हणजे 'इन टेन मिनिट्स'. इथे 'आफ्टर' बहुतेकांच्या तोंडी येतं. 'दहा मिनिटांच्या आत' म्हणायचं असेल तर 'विदिन'. म्हणजे 'इन' ऐकून कुणी चौथ्या मिनिटाला फोनची वाट पाहू लागला तर चूक त्याची.

आणि आपला लाडका 'च'. 'उद्याच', 'मीच', 'तसाच' यांना इंग्रजीत एक शब्द नाही. त्यातून 'टुमॉरो ओन्ली', 'ही इज लाइक दॅट ओन्ली', 'टुडे इटसेल्फ' निघतात. बोलताना हा 'च' बहुतेक वेळा आवाजाच्या जोराने दाखवतात, 'टुमॉरो' जरा दाबून म्हणायचं. लिहिताना वाक्य फिरवा. मीच केलं: 'आय डिड इट मायसेल्फ', किंवा दुसऱ्या कुणी नाही असं म्हणायचं असेल तर 'इट वॉज मी हू डिड इट'. तोच माणूस: 'द सेम मॅन'.

'म्हणाला' आणि 'सांगितलं' यांच्याबद्दल एवढंच की 'टेल'ला माणूस लगेच लागतो आणि मध्ये 'टू' नको. 'से'ला माणूस नसला तरी चालतो, पण आणलाच तर 'टू' हवं. 'टोल्ड मी', 'सेड टू मी'.

तोच शब्द, दुसरी खोली

कचेरी, कोर्ट, दवाखाना, प्रयोगशाळा अशी खोली बदलली की ओळखीचा शब्द वेगळं बोलतो. कागद हातात आला की आधी तो कुठून आला हे बघा, मग अर्थ लावा.

दवाखान्यात 'पॉझिटिव्ह' म्हणजे जे शोधत होते ते सापडलं. ती बहुधा चांगली बातमी नसते. 'अक्यूट' म्हणजे भयंकर नव्हे, अचानक उद्भवलेलं. 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ चाललेलं. 'पेशंट कम्प्लेन्स ऑफ हेडेक' यात पेशंट कुरकुर करत नाही, डोकं दुखतं असं त्याने सांगितलं इतकंच. 'डिस्चार्ज' जखमेतून असेल तर स्राव, वॉर्डातून असेल तर घरी सोडणं.

करारात 'पार्टी' म्हणजे पक्षकार, 'कन्सिडरेशन' म्हणजे मोबदला आणि 'एक्झिक्यूट' म्हणजे सह्या करून दस्त पूर्ण करणे. तिथला 'शॅल' भविष्यकाळ सांगत नाही, बंधन घालतो: 'द टेनंट शॅल पे' म्हणजे भाडेकरूने भरलंच पाहिजे. 'मे' आला तर मुभा. करार वाचताना या दोन शब्दांखाली रेघ मारत जा, कुणावर काय लादलंय ते दहा मिनिटांत कळतं.

गणितात 'प्रॉडक्ट' गुणाकार, 'मीन' सरासरी, 'पॉवर' घात. आकडेवारीत 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचं असं नाही. निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता कमी आहे, इतकाच त्याचा दावा. फरक टिचभर असूनही तो सिग्निफिकंट असू शकतो.

काही शब्द तर स्वतःच्याच विरुद्ध उभे राहतात. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, आणि देशावर लादली की निर्बंध. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि नजरचूकही. बैठकीत विषय 'टेबल' करा असं ब्रिटनमध्ये म्हटलं तर तो चर्चेला घ्या. अमेरिकेत म्हटलं तर बाजूला ठेवा. दोन्हीकडचे लोक एकाच बैठकीत असतील तर हा शब्द वापरूच नये. 'क्वाइट गुड'ही तसाच: अमेरिकन माणसाची ती स्तुती, ब्रिटिश माणसाचं पुष्कळदा नुसतं 'ठीकठाक'.

आपण मराठीत रुळवलेले इंग्रजी शब्दही परत पाठवताना तपासावे लागतात. आपल्या 'हॉटेल'मध्ये माणूस खाऊन येतो, इंग्रजीत तिथे मुक्काम करतो. नुसतं खायचं ठिकाण ते 'रेस्टॉरंट'. 'लाइट गेली'चं इंग्रजी 'द पॉवर इज आउट'. 'मी बोअर झालो' याचं 'आय ॲम बोअरिंग' केलं तर आपण स्वतःलाच कंटाळवाणे ठरवतो. हवं ते 'बोअर्ड'. 'आय हॅव अ डाउट' याऐवजी 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा, कारण बाहेरच्यांना 'डाउट'मध्ये अविश्वास ऐकू येतो.

उत्तर देताना

नकारार्थी प्रश्नात पाय हमखास घसरतो. 'तुला हे आवडत नाही का?' याला आपण म्हणतो, 'हो, नाही आवडत'. आपला होकार विचारणाऱ्याच्या अंदाजाला. इंग्रजीत होकार-नकार वस्तुस्थितीला जातो: आवडत नसेल तर 'नो, आय डोन्ट', आवडत असेल तर 'येस, आय डू'. नुसतं 'येस' म्हणून थांबू नका, पुढचे दोन शब्द जोडले की गैरसमज उरत नाही.

'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' याचा शब्दशः अर्थ 'खिडकी उघडायला हरकत आहे का?' म्हणून मदत करायची असेल तर उत्तर 'नॉट ॲट ऑल'. इथे 'येस' म्हणजे हरकत आहे.

'ऑफ कोर्स' परवानगी देताना गोड लागतं: 'मे आय सिट हिअर?' 'ऑफ कोर्स'. माहिती विचारणाऱ्याला तेच दिलं तर 'एवढंही ठाऊक नाही?' असं ऐकू जातं. 'इज द लायब्ररी ओपन टुडे?' याला साधं 'येस, इट इज' पुरे.

'यू हॅड बेटर कम' म्हणजे 'आलास तर बरं होईल' नव्हे. त्यात 'नाही आलास तर बघ' ही धमकी आहे. 'सॉरी' मात्र तिहेरी: माफी मागताना, 'काय म्हणालात?' विचारताना चढ्या सुरात, आणि कुणाच्या घरी वाईट घडलं की सांत्वनाला. तिसऱ्या वेळी 'तुमची काय चूक?' असं समोरच्याला म्हणू नये, 'थँक यू' म्हणावं.

आणि निरोप घेताना. दारात चपला घालत आपण 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणणं बरं दिसत नाही. तेच तोंडातून 'आय ॲम कमिंग' होऊन बाहेर पडलं, तर यजमान दार उघडं धरून तुम्ही आत येण्याची वाट बघत उभा राहील. तिथे 'आय शुड गेट गोइंग' म्हणा, आणि आपल्या वहीत 'गेट'च्या पानावर ही सातवी-आठवी चौकट लिहून टाका.